मदत हवी आहे : आईला वाचता येत नाही, लेकराचं वाचन कसं घ्यावं?

केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. चार लेकरं अक्षरं ओळखतात, पण मात्रा आली की अडतात. 'मोर'चं 'मार' होतं. डोळे तपासलेत, ठीक आहेत. बाराखडीचा तक्ता घरी दिला, तो भिंतीवरच राहिला. व्हिडिओ पाठवले, पण फोन एकच, तोही बापाच्या खिशात. आया म्हणतात, "मॅडम, आमालाच येत न्हाई, चुकलं तर कळंल कसं?" खरंय त्यांचं. दिवाळीच्या सुमारास आई-बाप ऊसतोडीला जातील, लेकरं आजीकडं राहतील. (आजीला ओव्या मात्र ढीगभर येतात!) रात्री दहा मिनिटं, फोनशिवाय, आई-आजीला जमेल असं तुम्ही नेमकं काय करून घेतलंय? आणि लेकरू खरंच वाचतंय की पाठ म्हणतंय, हे त्यांनी ओळखायचं कसं?