मॉर्मन घरातला पाचवा मुलगा

सॉल्टलेकवासी
अमेरिकेतल्या युटामध्ये राहतो. शेजारी मॉर्मन (इथला एक ख्रिस्ती पंथ) कुटुंब, सात मुलं, त्यात सहा मुलगे. रविवारी चर्चला निघताना बाप व्हॅनच्या दारात उभा राहून एकेकाचा टाय सारखा करायचा. आता थोरले संसाराला लागलेत. पाचवा दोन वर्षांचं मिशन (चर्चसाठी धर्मप्रचार) संपवून परतला आणि त्याने घरी सांगून टाकलं की तो गे आहे. तेव्हापासून गल्लीत एकच कुजबुज: मोठ्या मॉर्मन घरांत हे जास्त का दिसतं?

एक कारण अगदी रटाळ आहे. मुलं जास्त, म्हणून शक्यताही जास्त. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहणीत चाळिशी-पन्नाशीतल्या मॉर्मन लोकांना सरासरी 3.4 मुलं होती. अमेरिकेच्या सरासरीपेक्षा बरीच वर.

दुसरं कारण रंजक. रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट या संशोधकांनी 1990च्या दशकात मांडलं की प्रत्येक सख्ख्या थोरल्या भावागणिक धाकटा गे असण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशाने वाढते. पहिल्या मुलाची शक्यता 2 टक्के धरली, तर चौथ्या मुलग्याची पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभरातले पंच्याण्णव चौथे मुलगे बायकोच शोधणार, हेही ध्यानात ठेवा. पण सहा मुलगे असलेल्या घरात निदान एक तरी गे असण्याची शक्यता या हिशेबाने जवळजवळ पाव होते.

खवचट_अप्पा
आकडे राहू द्या. सात पोरं, बाप दिवसभर नोकरीवर आणि संध्याकाळी चर्चच्या बैठकांना. धाकट्यांच्या वाट्याला येतो कोण? आई. त्यात ऐन विशीत दोन वर्षं मुलींपासून लांब, चोवीस तास दुसऱ्या पोराच्या जोडीने दारोदार धर्मप्रचार. दुसरं काय होणार?
आणि आमच्या आजीला सात मुलगे होते. एकही तसला निघाला नाही.

सॉल्टलेकवासी
अप्पा, मिशनला हजारो पोरं जातात आणि परतल्यावर वर्षा-दोन वर्षांत बोहल्यावर चढतात. बापाच्या दुर्लक्षाचं म्हणाल, तर बोगार्टने 2006मध्ये नेमकं तेच तपासलं. सावत्र किंवा दत्तक भावांसोबत वाढलेल्यांत हा परिणाम दिसला नाही. उलट एकाच आईच्या पोटचा थोरला भाऊ दुसऱ्या घरी वाढला, तरी त्याची गणती लागू पडली. म्हणजे मामला घरातला नाही, गर्भातला.
आईचा रक्तगट निगेटिव्ह असला की पुढच्या बाळासाठी अँटी-डीचं इंजेक्शन देतात ना, त्याच जातीचा तर्क आहे. मुलग्याच्या वाय गुणसूत्रामुळे बनणारं एक प्रथिन आईच्या शरीराला परकं वाटतं आणि दर मुलग्यागणिक त्याविरुद्धची प्रतिपिंडं वाढतात. 2018मध्ये गे मुलांच्या आयांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं जास्त सापडली.

मीनल_कोल्हापूर
@अप्पा, आजीच्या सातांपैकी एखादा असता, तर त्या काळात कोणाला सांगितलं असतं त्याने? आजीला?

दशांशचिन्ह
सॉल्टलेकवासी, गाडी जरा हळू. ज्याला थोरले भाऊ जास्त, त्याचं कुटुंबही मोठंच असणार. मग परिणाम भावांचा की कुटुंबाच्या आकाराचा? व्हिएन्नाच्या संशोधकांनी 2023मध्ये जुनी आकडेमोड पुन्हा तपासली आणि बराचसा परिणाम हिशेबाच्या पद्धतीतून आलेला असू शकतो असं दाखवलं. उलट बाजूने, नेदरलँड्समध्ये 2022ला लाखो लोकांच्या सरकारी नोंदींत थोरल्या भावांचा परिणाम दिसला खरा, पण तो बायकांमध्येही दिसला! मग वाय गुणसूत्राची गोष्ट एकटी पुरत नाही. 2018च्या त्या अभ्यासातल्या 142 बायकांच्या रक्तावर एवढा मोठा इमला उभारू नये.
जनुकांचंही तसंच. 2019च्या मोठ्या अभ्यासात पावणेपाच लाखांवर लोक होते. एक ठरावीक 'गे जनुक' सापडलं नाही. बारीकसारीक प्रभाव मात्र भरपूर.

सॉल्टलेकवासी
बायकांचा मुद्दा मलाही अडतो. पण कारण संपूर्ण नसलं, तरी बापाच्या दुर्लक्षापेक्षा ते नक्कीच बळकट आहे.

निशाचर
मला हा सगळा शोधच खटकतो. कारण शोधलं की मागोमाग इलाज येतो. 1970च्या दशकात युटातल्या प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग या मॉर्मन विद्यापीठात पोरांना पुरुषांची चित्रं दाखवून विजेचे झटके दिले. त्यावर 1976ला पीएचडीही झाली! अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1973लाच काढली होती. 2015मध्ये मॉर्मन चर्चने समलिंगी जोडप्यांच्या मुलांचा बाप्तिस्माच (चर्चमध्ये सामील होण्याचा विधी) रोखला, 2019मध्ये तो नियम मागे घेतला. मधल्या साडेतीन वर्षांत त्या घरांचं काय झालं असेल?

मीनल_कोल्हापूर
निशाचर, झटके देणारे संगोपनालाच कारण मानत होते की! सवय लागली, ती मोडू. 2012मध्ये चर्चच्याच संकेतस्थळाने मान्य केलं की हे आकर्षण कोणी निवडत नाही. आईबापाला 'तुमचं काही चुकलं नाही' हे सांगायला गर्भातलं कारण कामी येतं. मी तरी ते फेकून देणार नाही.

खवचट_अप्पा
बरं. पण बापाने वेळ द्यावा की नाही?

मीनल_कोल्हापूर
द्यावा की. सातही पोरांना.