मुलगी १९ वर्षांची, मालिकेत काम मिळतंय, कॉलेज सोडते म्हणते. मृणाल ठाकूरचं उदाहरण कितपत लागू पडतं?

जळगावची_आई

नमस्कार. माझी मुलगी पुण्यात एस. वाय. बी. एस्सी.ला आहे, मायक्रोबायोलॉजी. कॉलेजच्या एकांकिकेत काम करायची. तिथल्या कुणीतरी तिचा व्हिडिओ पुढे पाठवला. मग ऑडिशन, लूक टेस्ट, मॉक शूट, आणि गेल्या आठवड्यात फोन. रोजच्या मराठी मालिकेत नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम, शूटिंग ठाण्यात घोडबंदर रोडला. दिवसाचे साडेतीन हजार आणि महिन्याला किमान १५ दिवस, असं तोंडी सांगितलंय. करार अजून सही केलेला नाही. इंग्रजीत २२ पानं आहेत.

मी "आधी पदवी पूर्ण कर" म्हटलं की ती एकच नाव पुढे करते. "आई, मृणाल ठाकूर आपल्याकडचीच ना? जन्म धुळ्याचा, शाळा जळगावची, सेंट जोसेफ. तिनंही के. सी. कॉलेज अर्धवट सोडलं. मालिकेत बहिणीचंच काम केलं. आणि आज बघ."

मी शिक्षिका आहे, २६ वर्षं पोरं शिकवतेय. अभ्यास सोडते हे ऐकून पोटात गोळा येतो. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. शनिवारी ती घरी आली होती. मी कळण्याच्या भाकरी थापत होते आणि ती ओट्याला टेकून मॉक शूटचं वाक्य म्हणून दाखवत होती. एवढंच वाक्य, "ताई, तू नको जाऊस." सात वेळा म्हणाली, सातही वेळा वेगळं. चौथ्या वेळेला मी गॅस बंद केला आणि तिच्याकडे बघत उभी राहिले. तव्यावरची भाकरी करपली. ही मुलगी माझ्या घरात १९ वर्षं आहे आणि हे मला माहीत नव्हतं.

म्हणून विचारते. मृणालचा प्रवास खरंच असा सरळ होता का? मालिका करून शिकता येतं का? आणि त्या २२ पानांत काय बघायचं?

धुळेकर_कोथरूड

ताई, मी मूळ धुळ्याचा. मृणालचं काम सुरुवातीपासून बघत आलोय, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. मुलगी सांगते ते खरं आहे, पण मधली पानं गाळून सांगते.

जन्म १९९२. पहिली मालिका २०१२च्या अखेरीस स्टार प्लसवर, 'मुझसे कुछ कहती... ये खामोशियाँ'. त्यात ती गौरी भोसले, म्हणजे मुख्य भूमिका. मालिका २०१३ मध्ये बंद झाली. म्हणजे नायिका म्हणून सुरुवात झाली आणि पुढच्या मोठ्या मालिकेत दुसऱ्या जागेवर यावं लागलं. एप्रिल २०१४ मध्ये झी टीव्हीवर 'कुमकुम भाग्य' सुरू झाली. नायिका प्रज्ञा, म्हणजे सृती झा. मृणाल तिची धाकटी बहीण बुलबुल. आमच्या आईला आजही ती बुलबुल म्हणूनच आठवते.

आता गाळलेलं पान. त्याच २०१४ मध्ये तिचे तीन मराठी चित्रपट आले: 'हॅलो नंदन', 'सुराज्य' आणि 'विट्टी दांडू'. एका वर्षात तीन! त्यानंतर मराठीत दारं धडाधड उघडायला हवी होती. उघडली नाहीत. धुळ्यातसुद्धा कितीजणांना ते चित्रपट आठवतात, विचारून बघा.

२०१६च्या सुरुवातीला तिनं 'कुमकुम भाग्य' सोडली. मालिका जोरात चालू होती, तेव्हा सोडली. त्यानंतर तब्रेज नूरानींचा 'लव्ह सोनिया' पडद्यावर आला तो सप्टेंबर २०१८ मध्ये. मधे अडीच वर्षांच्या वर काळ गेला. रोज घराघरात दिसणारा चेहरा एवढा काळ दिसेनासा होणं ही साधी गोष्ट नाही. 'लव्ह सोनिया'त ती बहिणीला शोधत मुंबईच्या कुंटणखान्यांपर्यंत पोचलेली गावाकडची मुलगी आहे. बुलबुलचा मागमूसही त्यात नाही. मी तो एकट्यानं बघितला आणि नंतर बराच वेळ कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

मग २०१९ मध्ये 'सुपर ३०' आणि 'बाटला हाऊस', दोन्ही एकाच पावसाळ्यात. २०२१ मध्ये 'तूफान', २०२२च्या एप्रिलमध्ये 'जर्सी'. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेलुगू 'सीता रामम्'. देशभर तिचं नाव झालं ते त्या चित्रपटानं, आणि त्यातले तेलुगू संवाद तिच्या आवाजात नाहीत, ते चिन्मयी श्रीपादानं डब केलेत. म्हणजे चेहरा, डोळे, चाल यांवर तिनं ते उभं केलं. पत्र वाचतानाचे तिचे डोळे बघा. पुढच्या वर्षी 'हाय नाना', तोही तेलुगू.

२०१२ ते २०२२. मुलीला हा आकडा सांगा. १९व्या वर्षी सुरू केलं तर तिचं २९वं उजाडेल. तेवढी तयारी असेल तर उदाहरण लागू पडतं. कॉलेज सोडणं ही त्या प्रवासातली सगळ्यात सोपी गोष्ट होती.

हेअरताई_ठाणे

मी मालिकांमध्ये हेअर करते, चौदा वर्षं झाली. मृणालबरोबर काम केलेलं नाही, पण बहिणीचं काम करणाऱ्या मुली माझ्या खुर्चीत रोज बसतात. त्यामुळे ताई, तुमच्या मुलीचा दिवस कसा जाईल ते मी सांगू शकते.

सकाळी सातचा कॉल असला की मुलगी पावणेसातला माझ्यासमोर असते. त्या दिवशीचा सीन तोपर्यंत फोनवर आलेला असतो किंवा नसतो. अंबाडा, गजरा, पिना, की मेकअप दादाकडे. नऊ वाजता तयार होऊन बसली आणि पहिला शॉट दुपारी तीनला, असं होतं. दिवसाकाठी एका भागाएवढं शूट उरकायचं असतं, तिथं कुणाच्या मूडसाठी थांबायला वेळ नाही.

बहिणीच्या कामात उभं राहणं जास्त. दिवाणखान्याचा सीन, घरातली दहा-बारा माणसं. आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट, मग नायिकेचे क्लोजअप, मग सासूबाईंचे, मग नायकाचे. बहिणीचा रिअॅक्शन शॉट सगळ्यात शेवटी. रात्रीचे आठ वाजलेले, नायिका मेकअप उतरवून घरी गेलेली. समोर असिस्टंट मुलगा कागद धरून तिची वाक्यं सरळसोट वाचतो. त्याच्याकडे बघून हिनं रडायचं, सकाळपासून उभं राहून. ग्लिसरीन असतं, पण जिला काम येतं ती ते मागत नाही. मी अशा तीन-चारच मुली बघितल्या आहेत. त्यांचा शॉट चालू असताना मी मॉनिटरमागून हलत नाही. तुमची भाकरी करपली ना, ते मला बरोबर कळलं.

अभ्यासाचं विचारलंत. एका मुलीनं पुस्तकाची पानं फाडून संवादाच्या कागदांत घातली होती. केस विंचरताना मी तिला आरशात बघायची, ओठ हलत असायचे. वाटायचं संवाद पाठ करतेय. ती अर्थशास्त्र पाठ करत होती. पास झाली, पण तिची परीक्षा बाहेरून होती. प्रॅक्टिकलवाला विषय कसा जमणार मला कळत नाही. भागांची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, कधी चार दिवसांची असते, कधी उद्याचाच भाग आज शूट होतो. बँक नसेल तर सुट्टी मागायची सोय नाही. आणि सहा महिन्यांनी कथा वळली, बहीण लग्न करून कॅनडाला गेली, की काम संपलं. हे तिला आठ दिवस आधी कळेल.

पैशांचं स्पष्ट सांगते. दिवसाचे साडेतीन हजार ऐकायला बरे वाटतात, पण पहिला पैसा हातात पडायला ९० दिवस लागतात. तोपर्यंत डिपॉझिट, भाडं, रिक्षा, सगळं तुमच्या खिशातून. आमची एक मालिका दहा दिवसांची सूचना देऊन बंद झाली. शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे मिळायला अकरा महिने लागले. माझं घर चालत होतं, नवऱ्याची नोकरी आहे. पण आमच्यातली एक मुलगी कासारवडवलीत भाड्यानं राहायची. तिनं आईच्या बांगड्या मोडल्या. घरी सांगितलं नव्हतं तिनं.

आणि २०२१चा एप्रिल मी विसरत नाही. करोनामुळे इथं शूटिंग बंद झालं तेव्हा बऱ्याच मालिका गोव्याला गेल्या, आम्हीही गेलो. मे महिन्यात तिथंही बंद करायला लावलं. हॉटेलच्या खोलीत विसाव्या वर्षाची मुलगी रात्री माझ्या शेजारी येऊन झोपायची, घाबरून. तेव्हा मला कळलं की या मुलींना सेटवर एक मोठं बाईमाणूस लागतं. तुमच्या मुलीला सांगा, पहिल्या दिवशी हेअरवालीशी आणि ड्रेसदादाशी ओळख करून घे. आम्हाला सगळं माहीत असतं.

एक बारीक गोष्ट. करार झाला की केस तिचे राहत नाहीत. कापायचे, रंगवायचे तर विचारावं लागतं.

धुळेकर म्हणाले ते चालती मालिका सोडण्याचं, ते मला फार मोठं वाटतं. मी खूप मुलींना "या वर्षी सोडणार" म्हणताना ऐकलंय. मग गाडीचा हप्ता सुरू होतो. मग घराचा.

नाशिक_वकील

२२ पानांत चारच गोष्टी आधी शोधा. बाकीचं मग.

किती काळासाठी बांधून घेताहेत. मधे सोडायचं तर किती दिवसांची सूचना, आणि तेवढीच सूचना त्यांच्यावरही बंधनकारक आहे का. (बहुतेक वेळा नसते. ते केव्हाही काढू शकतात, कलाकार मात्र अडकलेला. दोन्हीकडे सारखी सूचना मागा.) मालिका चालू असताना नाटक, चित्रपट, जाहिरात करायला परवानगी कशी मिळणार, कारण "पुढे चित्रपट" हे जिच्या मनात आहे तिच्यासाठी हे कलम सगळ्यात महत्त्वाचं. आणि किमान १५ दिवस हे कागदावर आहे का. तोंडी हमीवर जाऊ नका.

परीक्षेच्या तारखा परिशिष्ट म्हणून जोडता येतात. नवीन मुली मागत नाहीत, म्हणून मिळत नाहीत. कुणी नोंदणी, पोर्टफोलिओ वगैरेसाठी तुमच्याकडून पैसे मागितले तर तिथेच थांबा.

प्रयोग_मिरज

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सगळेजण तिला थांबवायला बघताहेत असं वाटलं.

मी २२ वर्षं हौशी रंगभूमीवर आहे, राज्य नाट्य स्पर्धेत उतरतो. १९व्या वर्षी मला बोलावणं आलं होतं. वडील म्हणाले, पदवी घे. घेतली. नोकरी लागली, चांगली आहे, तक्रार नाही. पण बोलावणं परत आलं नाही. १९व्या वर्षाचा चेहरा २२व्या वर्षी नसतो, आणि धाकट्या बहिणीच्या कामाला तोच लागतो.

शिक्षण परत येतं. रिंकू राजगुरू 'सैराट'च्या वेळी शाळेत होती. नंतर गर्दीमुळे शाळेत जाणं अवघड झालं, तरी २०१७ मध्ये दहावी दिली, २०१९ मध्ये बारावी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ अशांसाठीच तर आहे. मायक्रोबायोलॉजी नाही जमणार, दुसरी पदवी होईल. "ताई, तू नको जाऊस" सात प्रकारे म्हणता येणं मात्र कुठलं विद्यापीठ शिकवत नाही. तुम्ही स्वतः ते ऐकलंय.

जळगावची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजकर, राग कसला. तुमचं लिहिणं मी तिच्या वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, जाऊ दे तिला.

काल निर्मितीवाल्यांना फोन केला. वकीलसाहेबांनी सांगितलेल्या चारही गोष्टी वहीत लिहून घेतल्या होत्या, एकेक विचारली. १५ दिवसांची हमी लेखी देतो म्हणाले. सूचना दोन्हीकडून ३० दिवसांची, हेही मान्य केलं. करार दोन वर्षांचा आहे. दुसऱ्या कामाच्या परवानगीवर "बघू" म्हणाले, त्यावर मी अजून अडून आहे, आणि ते लिहून येईपर्यंत सही होणार नाही. परीक्षेचे आठ दिवस परिशिष्टात टाकायला तयार झाले. पण प्रॅक्टिकलचं हेअरताई म्हणाल्या तेच खरं. या सत्राची परीक्षा देऊन मग एक वर्ष खंड घ्यायचा, असं कॉलेजमध्ये बोललो. नाव काढायचं नाही. वर्षानं पुन्हा बसून ठरवायचं.

मुलीला धुळेकरांचं सगळं वाचायला दिलं. २०१६ ते २०१८ वर येऊन थांबली. म्हणाली, "आई, ही अडीच वर्षं तिनं काय केलं असेल?" मी म्हटलं, मला माहीत नाही. पहिल्या सहा महिन्यांच्या भाड्याचे पैसे आम्ही वेगळ्या खात्यात टाकणार आहोत, म्हणजे ९० दिवस तिला कुणापुढे हात पसरायला नको. आणि काही अडलं तर आधी घरी सांगायचं, बांगड्यांचा किस्सा वाचून हे तिनं स्वतःच कबूल केलं.

आज सकाळी ती पुण्याला गेली. निघायच्या आधी केसांची टोकं कापून दे म्हणाली. मी कात्री घेऊन आले, तर म्हणाली, "नको, राहू दे."

हेअरताई, कासारवडवलीच्या आसपास मुलींसाठी घरगुती, स्वच्छ जागा माहीत असेल तर मला निरोप टाका. जेवण शाकाहारी असेल तर बरं, नसेल तरी चालेल.