अल्ट्रासाउंडमुळे सेंद्रिय संश्लेषण खरोखर हरित होते का?

प्रश्न
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी इथेनॉल व सोडियम हायड्रॉक्साइड वापरून ॲसिटोफेनोन आणि बेंझाल्डिहाइडपासून चाल्कोन हे सेंद्रिय संयुग तयार करत आहे. काचसामान धुण्याच्या ४० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ही अभिक्रिया नुसत्या ढवळण्यापेक्षा लवकर पूर्ण होते. मात्र फ्लास्कची जागा बदलली की यील्डही (मिळणाऱ्या उत्पादनाचे प्रमाण) बदलते. प्रबंधात या पद्धतीला ‘हरित’ (पर्यावरणाला कमी घातक) म्हणण्यापूर्वी मी काय तपासावे?

उत्तर १
बाथमध्ये ध्वनीची तीव्रता सगळीकडे सारखी नसते. ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा पाण्यात काही वेळ उभा धरला, तर जिथे त्याला भोके पडतात तिथे कॅव्हिटेशन (ध्वनीमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन कोसळणे) तीव्र आहे असे समजावे, आणि फ्लास्क प्रत्येक वेळी तिथेच, तेवढ्याच खोलीवर धरावा. शिवाय बाथचे पाणी हळूहळू तापते. म्हणून फ्लास्कच्या आतले तापमान नोंदवून, त्याच तापमानाला ध्वनीशिवाय केलेला प्रयोग शेजारी मांडल्याखेरीज वेगाचे श्रेय अल्ट्रासाउंडला देता येणार नाही.

उत्तर २
वरील सूचना अत्यंत महत्त्वाची आहे, कारण तुमची अभिक्रिया आयनिक (विद्युतभारित कणांमार्गे होणारी) असून आरंभी एकाच प्रावस्थेत, म्हणजे सगळे विरघळलेल्या द्रवात, चालते. कोसळणाऱ्या बुडबुड्यात क्षणभर सुमारे ५००० केल्विन तापमान निर्माण होते हे खरे. परंतु त्या उष्णतेचा रासायनिक लाभ मुख्यतः मुक्त मूलकांमार्गे (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या कणांमार्गे) होणाऱ्या अभिक्रियांना मिळतो. आयनिक अभिक्रियांत खरा फरक पडतो तो घन आणि द्रव एकत्र असताना, कारण तिथे बुडबुडे कोसळताना उठणारे सूक्ष्म झोत घन पृष्ठभाग सतत स्वच्छ करतात. १९८४ मध्ये जपानमधील आंदो आणि सहकाऱ्यांनी टोल्यूइनमध्ये बेंझिल ब्रोमाइड, पोटॅशियम सायनाइड व ॲल्युमिना घेतले, तेव्हा ढवळल्यावर टोल्यूइन या द्रावकालाच बेंझिल गट जोडला गेला, तर अल्ट्रासाउंडखाली बेंझिल सायनाइड मिळाले. म्हणजे वेगच नव्हे, अभिक्रियेची वाटच बदलली! माझ्या मते तुम्ही बेरियम हायड्रॉक्साइडसारखा घन आम्लारी घेऊन चाल्कोन करून पाहावे.

उत्तर ३
‘हरित’ ठरवताना मी वेळेपेक्षा वॉटेज गुणिले तास आणि एक ग्रॅम उत्पादनामागे लागलेले एकूण द्रावक पाहीन. अभिक्रिया इथेनॉलमध्ये करून पुढे निष्कर्षण (उत्पादन दुसऱ्या द्रावकात काढून घेणे) डायक्लोरोमीथेन या घातक द्रावकाने केले, तर वाचवलेले सारे तिथेच खर्ची पडते. चाल्कोन बहुधा गाळूनच वेगळे होते, हा तुमच्या बाजूचा भक्कम मुद्दा आहे.