पॅकिंगच्या हलक्या कामानं हात बधिर होतो का?

पॅकिंगवाली:
खोकी टेप लावून बंद करायची, दिवसभर एवढंच काम. हल्ली रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. सुपरवायझर म्हणतात, खोकं तर हलकं आहे, त्यानं काय होणार?

शिवणकाम:
होतं हो. करंगळी ठीक आहे का बघा. माझी होती, बाकीची बोटं बधिर. मनगटातली नस दबली होती. डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

लाइन सांभाळलेला:
ताई, खोक्याचं वजन राहू द्या. टेप तोडताना स्वतःच्या हाताकडे बघा. मूठ आवळलेली, मनगट वाकलेलं, वर झटका. जोर, वाकडं मनगट आणि तीच ती हालचाल एकत्र आली की हात लवकर जायबंदी होतो. डिस्पेन्सरचं पातं बोथट असेल तर झटका आणखी जोरात मारावा लागतो. माझ्या लाइनवर कुणी हात दुखतो म्हटलं की मी आधी पातं बदलायला लावायचो. मग टेबल. खोकं उंच आणि टेबलही उंच, म्हणजे कोपर वर जातं आणि मनगट वाकतंच.

एका खोक्याला किती वेळ लागतो? फेरी ३० सेकंदांच्या आत संपत असेल तर अभ्यासक ते अतिपुनरावृत्तीचं काम धरतात. मध्ये मध्ये दोन मिनिटं हात सैल सोडायला मिळालाच पाहिजे. काम बदलून देतात, पण लेबलं चिकटवायला बसवतात! अंगठा तोच राबतो.

टार्गेटचा धाकही यात येतो. रामाझिनी या इटालियन वैद्यानं १७१३ साली लेखनिकांच्या दुखण्याची कारणं लिहिली: सतत बसणं, हाताची तीच हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण.

पॅकिंगवाली:
पातं बोथटच आहे. हातमोजेही मोठे होतात, पकड घट्ट धरावी लागते. मनगटाचा पट्टा घालून काम करू का?

लाइन सांभाळलेला:
मापाचे मोजे आजच मागा. पट्टा रात्री झोपताना घाला, मनगट सरळ राहतं. कामावर घालून तसंच रेटलंत तर मनगटाचं काम कोपर आणि खांद्यावर येतं. वस्तू हातातून निसटायला लागल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा बसल्यासारखा दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.