नोकर पोरालाच दुकान टाकून देतात?? इग्बो लोकांच्या पद्धतीबद्दल विचारायचंय

लागोसकर
मंडळी, मी नायजेरियात लागोसला असतो, टू-व्हीलरच्या लाईनमध्ये. पुण्याच्या बजाजची बॉक्सर इथे इतकी दिसते की विचारू नका, त्यामुळे इग्बो (इथल्या आग्नेय भागातला मोठा समाज) स्पेअर पार्टवाल्यांशी रोजचं काम पडतं. तर एका दुकानात एक पोरगा आहे, गावाहून लहान असताना आलेला, पगार शून्य, मालकाच्याच घरी राहतो जेवतो, मालकाचे कपडे पण धुतो. बघणाऱ्याला वाटेल सरळसरळ राबवून घेतायत. पण परवा मालकच सांगत होता की पुढच्या वर्षी ह्याला सेटल करणार, म्हणजे भांडवल, माल आणि वर दुकानाचं भाडं सगळं मालक देणार! आणि दुकान कुठे, तर ह्याच बाजारात. स्वतःच्या हाताने स्वतःची कॉम्पिटिशन उभी करायची? हे सगळीकडे असंच असतं का हाच एक भला माणूस भेटलाय मला?

ओनित्शा_रिटर्न
असंच असतं. इग्बा बोई म्हणतात त्याला. मालक तो ओगा, आईवडील नाहीतर नात्यातलं कोणी वडीलधारं मध्ये पडून ठरवतं, साधारण पाच ते आठ वर्षं, बहुतेक वेळा तोंडीच. सुरुवातीला झाडलोट, घरकाम, दुकान उघडणं. मग मालाची नावं, भाव, मग गिऱ्हाईक, आणि शेवटी गल्ला. जुना पोरगा नव्याला तयार करतो, ओगा फक्त नजर ठेवून असतो.

पद्धत जुनीच पण फोफावली ती बियाफ्राच्या युद्धानंतर, म्हणजे इग्बोंचा भाग बियाफ्रा नावाने नायजेरियातून फुटून निघाला त्यावरून झालेलं युद्ध. १९६७ ते १९७० युद्ध झालं, इग्बो हरले, आणि सरकारने ठरवलं की बँकेत कितीही ठेव असो, हातात मिळणार २० पौंड. फक्त वीस! आता धंदा कसा करणार आणि कर्ज तरी कोण देणार, मग ज्याचं जरा बरं चाललं त्याने गावाकडची पोरं आणली, ती उभी राहिली की त्यांनी अजून आणली, असं करत करत न्नेवी गाव स्पेअर पार्टचं केंद्र झालं, लागोसमधली अलाबा आणि लाडिपो मार्केटं पण बघा. न्नेवीत इनोसन गाड्यांचा कारखाना काढणारा इनोसंट चुक्वुमा, तोही स्पेअर पार्टच्या दुकानातच शिकला.

हिशेबी_माणूस
कॉम्पिटिशन म्हणताय पण ओगा काय खुळा नाहीये. सुटलेला पोरगा माल कोणाकडून उचलणार? ओगाकडूनच, तेही उधारीवर. म्हणजे ओगा रिटेलचा होलसेलवाला झाला. शिवाय एकाच बाजारात एकाच मालाची शेकडो दुकानं, तुमच्याकडे पार्ट नसेल तर पोरगा पळत जाऊन शेजारून आणून देतो, गिऱ्हाईक बाजाराबाहेर जात नाही. आणि किती पोरं मार्गी लावली यावर गावात मान ठरतो, तो पण नफाच की. आपल्याकडे मारवाडी पेढ्यांवर गावची पोरं आणून तयार करायचे ते थोडं याच वळणाचं, फक्त इथे शेवटी भांडवल द्यायचंच असा संकेत आहे.

सुमेधा_अबुजा
एवढं गोडगोड नका लिहू हो. सेटलमेंट तोंडी ठरलेली असते आणि खरी गोची तिथेच. मुदत भरत आली की चोरीचा आळ घालून पोराला हाकलायचं, हे प्रकार होतात आणि पोराकडे कागद नाही, काही नाही, तक्रार करणार कुठे. कोस्चारिस कंपनीचा कॉस्मस मडुका घ्या, नात्यातल्याच माणसाकडे वर्षानुवर्षं राबला आणि बाहेर पडताना मिळाले २०० नायरा, हे त्यानेच मुलाखतींत सांगितलंय. तो पुढे मोठा झाला म्हणून आपल्याला माहिती, बाकीच्यांचं कोण विचारतंय. शाळा सुटते ती वेगळीच. आणि मुली? त्या शिवणकाम नाहीतर केस विणायचं शिकायला जातात, पण तिथे बऱ्याचदा शिकण्याचे पैसे त्यांनाच भरावे लागतात. मोठ्या व्यापारातलं भांडवल मिळतं ते पोरांनाच.

ओनित्शा_रिटर्न
@सुमेधा_अबुजा आळ घालण्याचं खरंय, नाकारत नाही. पण गावचे लोक मध्ये असतात, ओगाने उगाच हाकललं तर पुढे त्याच्याकडे कोणी पोरगा पाठवत नाही. दरवेळी पोराला न्याय मिळतोच असं नाही, हे मात्र मान्य.

लागोसकर
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. आता सांगा, पोरगा सुटेल तेव्हा आपण बाहेरच्यांनी काही द्यायचं असतं का? पाकीट वगैरे?

हिशेबी_माणूस
पाकीट द्या हो, पण तुम्ही त्याच लाईनमध्ये आहात ना, मग पहिल्या मालाला महिनाभराची उधारी द्या. पाकिटापेक्षा जास्त कामाला येईल. फक्त ओगाच्या कानावर घालून द्या, परस्पर नको.