बाबांचं डायलिसिस चालू आहे आणि मेडिक्लेम नाकारलाय, काय करू?

खानापूरची_लेक:
नमस्कार. बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, मागच्या वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पहाटे उठून बेळगावला जायचं, चार तास मशीनवर आणि घरी आले की संध्याकाळपर्यंत नुसते पडून असतात. मेडिक्लेम 2018 ला काढलाय, भाऊ पुण्याहून भरतो, एक हप्ता चुकला नाही. आता कंपनी म्हणते बीपी लपवून पॉलिसी काढली, क्लेम रद्द. का तर अ‍ॅडमिट करताना फाईलवर कुणीतरी लिहिलंय, बीपी दहा वर्षांपासून. बाबांनाच आठवत नाही गोळी कधी चालू झाली ते, आणि पॉलिसीचा फॉर्म एजंटनं भरलेला, बाबांनी नुसती सही केली. आईच्या पाटल्या गहाण टाकल्यात. बीपीएल कार्ड पण नाही. मला झोप लागत नाही हो, कुणाला काही माहीत असेल तर सांगा.

निपाणीकर:
ताई, धीर धरा, तुमची बाजू भक्कम आहे. पॉलिसी खंड न पडता 60 महिने चालली की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, कंपनीनं फसवणूक सिद्ध केली तरच. आधी ही मुदत 8 वर्षं होती, 2024 ला 5 केली. तुमची 2018 ची, म्हणजे कधीच झाली. फक्त मधे रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेची 5 वर्षं वाढवल्या दिवसापासून मोजतात, ते बघा. फोनवर भांडत बसू नका, सगळं लेखी. नकाराचं पत्र मागा, त्यात कुठल्या कलमाखाली नाकारलं ते यायला पाहिजे. मग कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करा, महिनाभरात उत्तर नाही किंवा परत नाही म्हटले तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. कर्नाटकासाठी बेंगळुरूला आहे, तक्रार ऑनलाईन करता येते, फी नाही, वकील नको. पण नकारानंतर एका वर्षाच्या आत. विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आयआरडीएआयचा तक्रारीचा नंबर 155255. आणि त्या फाईलवरच्या ओळीसाठी तुमच्या गावच्या डॉक्टरांना भेटा, गोळी खरंच कधी लिहून दिली ते त्यांच्या लेटरहेडवर घ्या. जे खरं असेल तेच लिहून घ्या, एक वर्षही इकडंतिकडं नको.

शहापूर_बेळगाव:
ते चालू राहू दे, पण तोवर पैसे कुठनं आणणार? बीपीएल नसलं तरी आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेत एपीएलवाल्यांना (दारिद्र्यरेषेच्या वरच्यांना) पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या दराच्या, 30 टक्के मिळतात, घराला वर्षाला दीड लाखापर्यंत. बीपीएलला 5 लाख. इमर्जन्सी नसेल तर सरकारी हॉस्पिटलचं रेफरल लागतं, आधी ते घ्या, नाहीतर आमच्यासारखे दोन हेलपाटे होतात. फॉर्म कन्नडमध्ये असला तर लाजू नका, काउंटरवर आरोग्यमित्र असतो, त्याला भरून द्यायला सांगा. तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलात पण डायलिसिसची चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी मोफत आहे, नंबर लावून ठेवा. महाराष्ट्रानं 2023 ला सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले आरोग्य योजना द्यायचं ठरवलं, तुमचं गाव यादीत आहे का बघा, पण त्यासाठी आठवड्याला तीनदा कोल्हापूर बाबांना झेपणार नाही. एखाद्या मोठ्या ऑपरेशनला विचारा.

मशीनवरचा_मामा:
पोरी, मी स्वतः सहा वर्षं डायलिसिसवर आहे. कागदाचं वरच्यांनी सांगितलं, मी बाबांचं सांगतो. फिस्टुलाच्या हातावर (डायलिसिसच्या सुईसाठी शीर जोडलेला हात) बीपी मोजू द्यायचं नाही, दुसरी सुई टोचू द्यायची नाही, नवीन सिस्टर असली की आपणच आधी सांगायचं. भेटायला येणारे शहाळं नाहीतर केळी घेऊन येतात, मायेनंच आणतात, पण पोटॅशियम वाढलं की हृदयावर येतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नको. पाण्याचं लई जड जातं. मी सकाळीच दिवसभराचं पाणी मोजून एका बाटलीत भरतो, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. आणि बाबा चिडले तर मनाला लावून घेऊ नको, डायलिसिसच्या दिवशी जीव इतका थकतो की बोलणंच नको वाटतं.

खानापूरची_लेक:
मामा, कालच शेजारच्या काकूंनी शहाळं आणलं होतं आणि मी दिलं, आता पोटात गोळाच आला. आज डॉक्टरांना फोन करते. @निपाणीकर, भावाला विचारलं, रक्कम एकदाच वाढवली, 2021 ला. मूळची 3 लाखांची 2018 चीच. नकाराचं पत्र मेलमध्ये होतं, एजंटनं दाखवलंच नव्हतं. उद्या बाबांची पाळी आहे, ते मशीनवर असतील तेवढ्यात तक्रारीचा मेल लिहिते, पाठवायच्या आधी इथं टाकला तर कुणी वाचून देईल का?