पिटुनिया लोंबतोय, फुलं फक्त टोकाला. छाटणी कशी करू?

गच्चीबाग: पुणे, गच्चीवर पूर्ण ऊन. ऑक्टोबरात लावलेल्या पिटुनियाच्या फांद्या आता जानेवारीत दीड फूट झाल्यात, मधे सगळं उघडं. सुकलेली फुलं रोज काढते. छाटू का, आणि किती? शेजारी झिनिया, झेंडू, कोंबडा ही फुलझाडं आहेत, त्यांचंही सांगा.

मातीकाम: सुकलेलं फूल नुसतं ओढून काढत असाल तर पाकळ्या हातात येतात, बोंड हिरव्या पेल्यात तसंच राहतं. त्यात बी धरलं की अन्न तिकडे जातं आणि कळ्या कमी होतात. देठासकट खुडा.

फांद्या छाटाच, पण सगळ्या एकदम नकोत. आज एकाआड एक फांदी निम्मी कापा, बाकीच्या दहा दिवसांनी. काप पानाच्या जरा वर घ्या आणि खाली हिरवी पानं राहू द्या. पानं झडलेल्या वाळक्या खोडातून फुटवा येईलच असं नाही. कात्री स्पिरिटने पुसा. पिटुनिया तंबाखूच्याच कुळातला, त्यामुळे तंबाखू हाताळला असेल तर साबणाने हात धुऊनच हात लावा. त्यातून मोझॅक विषाणू येऊ शकतो.

गच्चीबाग: खत लगेच घालू?

मातीकाम: त्या दिवशी फक्त पाणी. फुटवे दिसले की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विरघळणारं खत), लिटरभर पाण्याला २ ग्रॅम. युरिया अजिबात नको, नुसता पाला माजेल. दोन-तीन आठवड्यांत कळ्या दिसतील. मार्चचं ऊन तापल्यावर मात्र एवढी कडक छाटणी करू नका, झाड सावरत नाही.

बी_बियाणं: झिनियाचं फूल वाळेपर्यंत थांबू नका. रंग उतरला की पानांच्या जोडीच्या लगेच वर कापा, दोन्ही बगलांतून फांद्या येतात. फुलदाणीसाठी लांब दांडा कापलात तरी तीच छाटणी झाली.

झेंडूचं नुसतं डोकं तोडू नका, उरलेला देठ दवात कुजतो. खालच्या पानापर्यंत कापा. शेंडा खुडायची वेळ रोप लहान असताना. आता कळ्या लागल्यावर शेंडे मोडले तर बहर लांबतो.

कोंबड्याला हात लावू नका. मधला तुरा कापला तर बगलेतून बारीक तुरे येतात, तेवढा मोठा पुन्हा येत नाही. तुरा तसाही कित्येक आठवडे टिकतो.

गच्चीबाग: झेंडूचं बी धरायचं असेल तर?

बी_बियाणं: शेवटच्या बहरातली, जोमदार झाडावरची दोन-तीन फुलं झाडावरच वाळू द्या. संकरित वाण असेल तर पुढची रोपं तशीच निघणार नाहीत.